गाळाचे वीस रुपये

मासे धरायचे आणि वर पैसेही आपणच द्यायचे, असं जगात कुठे असतं हे मला बंगळूरला जाईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरी नेमकं उलटं होतं. आमचे दादा, म्हणजे वडील, कृष्णेत जाळं टाकायचे, आई ते मासे पाटीत घालून मिरजेच्या बाजारात न्यायची आणि जे पैसे यायचे त्यावर आम्ही दोघी बहिणी वाढलो. त्याच पैशांवर मी बी. कॉम. झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते, कारण सांगण्यासारखं आहे.

तर यंदा मे महिन्यात दूध संघाच्या हिशेब विभागातून रजा काढून मी थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, बंगळूरला जाऊन आले. लोक तिथल्या बागा आणि राजवाडा बघून येतात. मीही बघितले, चांगले आहेत. पण परत आल्यापासून मी ज्याला त्याला सांगत सुटले आहे ते एका तळ्याबद्दल.

राजाजीनगर

अक्काचं सासर बंगळूरचं जुनं मराठी घर. दाजींचे आजोबा कापडाच्या गाठी घेऊन इकडे आले आणि इथलेच झाले. राजाजीनगरात खाली कापडाचं दुकान, वर घर. घरात मराठीच बोलतात, पण ती ऐकताना मधेच पायरी चुकल्यासारखं होतं. दाजी म्हणतात, "सुनंदा, स्वल्प सरक," म्हणजे जरा सरक. काम झालं की म्हणतात, "आयतु." पटलं की, "सरी." पहिल्या दिवशी अक्कानेही मला "जेवायला स्वल्प वेळ आहे, तोवर बाळेहण्णु खा" असं म्हणून हातावर केळं ठेवलं, तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले. ती म्हणाली, "बघतेस काय? बाजारात केळं मागितलं तर कोण देईल मला?"

हवेबद्दल काय सांगू. मे महिन्यात आमच्याकडे अंगणात बाजा टाकून लोक वाऱ्याची वाट बघतात. इथे रात्री चादर लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, आणि फुलांचा सडा कुणी झाडून काढत नाही, लोक त्यावरूनच ऑफिसला जातात. हॉटेलात दोघांनी मिळून एक कॉफी मागवायची पद्धत आहे. तिला 'वन बाय टू' म्हणतात. एका कॉफीचे दोन छोटे पेले येतात आणि वाढणाऱ्याच्या कपाळावर आठी येत नाही. आमच्या स्टँडवर दोघांत एक चहा मागितला तर मालक आधी पाहुण्यांची चौकशी करतो.

दोन दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. कन्नड समजायला अवघड नाही. तुपाला ते तुप्पा म्हणतात, खिडकीला किटकी. अक्का आणि अण्णा तर आपल्याकडेही आहेतच. मी ठरवून टाकलं की शब्द आपलेच आहेत, फक्त टोकं जराशी वळवली आहेत, आणि शिकलेल्या माणसाला आठवडा पुरे. अक्का माझं बोलणं ऐकून कणीक मळत नुसती हसली. ती तेव्हाच बोलली असती तर बरं झालं असतं.

जयनगरच्या बाजारात मी तिच्याकडून आकडे शिकले. हत्तु म्हणजे दहा, इप्पत्तु वीस, ऐवत्तु पन्नास. 'बेकु' म्हणजे हवं, 'बेडा' म्हणजे नको. 'बेडा' मला फार आवडला. एका शब्दात माणूस वाटेला लागतो. मी अबोली नको म्हटलं, फणस नको म्हटलं, एका बाईंनी पुढे केलेल्या स्टीलच्या चाळण्याही नको म्हटल्या. परतताना अक्का म्हणाली की मला कन्नडमधला एकच शब्द पुरणार आहे, आणि तो माझ्या स्वभावाला शोभतोही.

काठ्यांचं भांडण

अक्काच्या घरात जिन्याच्या कोपऱ्यात मासे धरायच्या दोन लांब काठ्या उभ्या होत्या. वाळत घातलेले कपडे काढताना त्या तिला लागायच्या आणि दर वेळी ती काठ्यांना न बोलता दाजींना बोलायची. दाजींना गळ टाकायचा नाद. दर रविवारी दुकान बंद, की हे तळ्यावर. वर्षातून एकदा तिथे स्पर्धा होते. जोडीने उतरायचं, फी भरायची, वजनात जो भारी ठरेल त्याला बक्षीस. दाजी दर वर्षी फी भरत आणि दर वर्षी रिकाम्या हाताने येत.

माझ्या मनाला तर ती फीच लागली. आमच्याकडे मैदानात पैलवान पैसे भरून कुस्ती खेळत नाही, पैसे बघणाऱ्याचे जातात. बैलगाडीच्या शर्यतीला फी असते हे खरं, पण तिथे धावतात ते बैल. मी हे जेवताना बोलून दाखवलं. दाजी म्हणाले, "अगं, सगळ्यांची फी एकत्र करतात. निम्मी पहिल्याला, पाव दुसऱ्याला, उरली त्यात तिसरा आणि उप्पिट्टु-कॉफी. कुणी खिशात घालत नाही." हिशेब स्वच्छ होता, मला नाव ठेवायला जागा मिळाली नाही.

अक्काला हिशेबाशी देणंघेणं नव्हतं. तिचं दुखणं वेगळंच होतं आणि ते मला लगेच कळलं, कारण आम्ही एकाच घरच्या. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या दादांनी मासे विकून दोन पोरी वाढवल्या. आणि माझा नवरा पैसे देऊन जातो, तरी बाजारातून मासा आणून द्यावा लागतो मला. शेजारणी विचारतात, तुझं माहेर नदीचं ना?"

मग तिने अट घातली. या वर्षी निदान फीचे पैसे तरी घरात परत आले पाहिजेत. नाही आले, तर सोमवारी भंगारवाला आला की काठ्या त्याच्या हातगाडीवर.

दाजी हसले, पण हात धुवायला उठताना त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. त्यांचा नेहमीचा जोडीदार जे. पी. नगरला राहायला गेला होता आणि कंबर धरून बसला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आमच्या घरात जाळं टाकतात, गळ हा पोरांचा खेळ, पण काठी धरून बसायला मला येईल. दाजी म्हणाले, "आयतु. रविवारी पहाटे तयार राहा."

तळ्यावर

तळं जे. पी. नगरच्याही पलीकडे, कनकपुरा रस्त्याच्या अंगाला आहे. नाव देत नाही, दाजींनी बजावलं आहे की तिथे आधीच गर्दी होते. स्कूटरवर मागे मी, माझ्या मांडीवर पिठाचा डबा, आणि दोन काठ्या माझ्या बगलेत झेंड्यासारख्या. निलगिरीच्या झाडांमधून गेलं की बांध लागतो आणि बांधावर चढलं की एकदम पाणी. धुकं पाण्याला टेकलेलं होतं आणि पलीकडच्या काठावर बगळे. नदीच्या माणसाला तळं जरा गप्प वाटतं. पाणी कुठे जात नाही, माणूसही तिथेच बसून राहतो.

या काठाला गाळ उपसण्याचं काम चाललं होतं. काळ्या गाळाचे मोठे ढीग रचलेले, वाळून भेगा पडलेले. हे ढीग लक्षात ठेवा.

दाजी स्कूटर लावायला आणि जागा धरायला गेले आणि नोंदणीला मला पाठवलं. चिंचेच्या झाडाखाली टेबल मांडून नंजुंडय्या बसले होते. हे निवृत्त हेडमास्तर, स्पर्धेचं सगळं काही तेच. पांढरं धोतर, कपाळावर भस्म, आणि समोर खडूने लिहिलेला फळा. फळ्यावर बक्षिसं लिहिली होती. वरच्या तीन ओळींतले आकडे मला कळले, खालची एक ओळ नुसती अक्षरांची होती, ती कळली नाही. नंजुंडय्या माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. मी पदवीधर आहे, इंग्रजी मला येतं, पण पाहुणीने तिथल्या भाषेत बोलावं या विचाराने मी म्हटलं, "कन्नड स्वल्प बरुत्ते." थोडं कन्नड येतं.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानंतर त्यांनी इंग्रजीचा एक शब्द काढला नाही.

ऐवत्तु, म्हणाले. मी पन्नासची नोट दिली. मग त्यांनी विचारलं, "इन्नोंदु गाळक्के इप्पत्तु. बेका?"

मला दोन शब्द स्पष्ट कळले, गाळ आणि वीस. मी ढिगांकडे पाहिलं. सगळा उलगडा झाला. तळ्याचा गाळ काढायला वीस रुपये वर्गणी मागताहेत. मला राग आला. गाळ काढणं हे नगरपालिकेचं काम. मासे धरायला पैसे दिले ते दिले, आता तळंही आम्हीच साफ करायचं? मी ताठ उभी राहून सांगितलं, "गाळ बेडा."

त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं. पुन्हा विचारलं, "बेड्वा?"

"बेडा."

"सरी," म्हणून त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि चिठ्ठी मला दिली. मी ती पर्समध्ये टाकली आणि आपण वीस रुपये वाचवले या आनंदात दाजींकडे गेले. त्यांना सांगितलंही नाही. चांगल्या कामाचा गाजावाजा कशाला?

चिलापी

शिट्टी वाजली तेव्हा दाजी अजून नाचणीच्या पिठात बडीशेप घालून गोळे मळत होते. म्हणून माझा गळ आधी पाण्यात गेला. मी गांडूळ लावलं होतं, अक्काच्या धुण्याच्या दगडाखालून सकाळी काढलेलं. मोराच्या पिसाची तरंगती दांडी पाण्यावर उभी राहिली आणि आम्ही गप्प बसलो. दाजींनी मग त्यांचा गळ लांब, खोल पाण्यात टाकला.

आमच्या शेजारी पुण्याचे लेले म्हणून एक तरुण इंजिनिअर होते. सरकारी कारखान्यात नोकरी, हातात परदेशी रीळ. त्यांनी एका मासिकात वाचलं होतं की अमेरिकेत बास नावाचा मासा धरायच्या मोठ्या स्पर्धा होतात, फी इतकी की आपल्याकडे त्यात लग्न लागावं, आणि पहिल्याला पैशांबरोबर मोटारबोटही मिळते. दाजी कौतुकाने ऐकत होते. शेवटी लेले म्हणाले की वजन झालं की तिथे मासा जिवंत पाण्यात सोडतात. दाजींचा हात थांबला.

"सोडतात? मग खातात काय?"

तेवढ्यात माझी दांडी बुडाली. मी काठी उचलली तर टोकाला तळहाताहूनही लहान मासा. आमच्याकडे याला चिलापी म्हणतात, इथे जिलेबी. दाजींना हसू आलं. म्हणाले, सोडून दे, इतका लहान तराजूवर न्यायचा नसतो, लोक हसतात. मी म्हटलं, "दाजी, आमच्या घरात आलेला मासा परत पाण्यात टाकत नाहीत." आणि तो बादलीत ठेवला. नंतर लेल्यांनाही तसाच एक लागला, त्यांनी इकडेतिकडे बघून गुपचूप सोडला. असं मी चार-पाच जणांना करताना पाहिलं. मला नवल वाटलं, पण म्हटलं, शहराची पद्धत असेल.

ऊन वर आलं. उप्पिट्टु आलं, त्यात कढीपत्ता होता आणि काजूही, म्हणजे फीचा विनियोग ठीक चालला होता. माझी दांडी पुन्हा हलली नाही. आणि स्पर्धा संपत आली असताना दाजींची काठी धनुष्यासारखी वाकली.

ते मी विसरणार नाही. कापड मोजणारा माणूस, चपला काढून गुडघाभर पाण्यात शिरला. दोरी सोडायची, ओढायची, पुन्हा सोडायची. पाण्याखाली काहीतरी चंदेरी वळलं आणि लेले आपली काठी टाकून धावत आले. दोघांनी मिळून जाळीत घेतला तो कटला, डोकं केवढं, नुसता पाहावा. दाजी चिखलात बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काठ्या राहिल्या, सुनंदा."

चिठ्ठी

तराजूवर कटला दुसरा ठरला. टाळ्या झाल्या. नंजुंडय्यांनी हात पुढे करून चिठ्ठी मागितली, मी पर्समधून काढून दिली. ती वाचून त्यांनी चष्मा काढला, मग दाजींकडे आणि आमच्या दोन काठ्यांकडे पाहिलं. आता मात्र ते इंग्रजीत बोलले. चिठ्ठीवर एकच गळ आहे. दुसऱ्या गळाचे वीस रुपये भरायला बाईंनी नको म्हटलं, मी दोनदा विचारलं.

कन्नडमध्ये गळाला गाळ म्हणतात.

गाळाला काय म्हणतात ते मला नंतर अक्काने सांगितलं. हूळु. तिथे उभी असताना मात्र मला एवढंच कळलं की मी नगरपालिकेला सुनावलं नव्हतं, दाजींचा गळ नको म्हटलं होतं. मी खरं काय ते सांगितलं. ढिगांकडे बोट दाखवून सांगितलं. लेल्यांनी ते सगळ्यांना कन्नडमध्ये सांगितलं आणि चिंचेच्या झाडाखाली जे हसू फुटलं ते थांबेना. एक गृहस्थ डोळे पुसत मला म्हणाले की गाळासाठी पैसे नाकारणाऱ्या तुम्ही पहिल्याच, आम्ही आजवर दिले ते कुठे गेले कुणास ठाऊक.

दाजी हसले नाहीत. कुणीतरी म्हणालं, वीस आता घ्या आणि सोडून द्या. नंजुंडय्या म्हणाले, शिट्टीनंतर फी घेतली तर मी उद्या सगळ्यांना काय सांगू? मग त्यांनी दाजींना साध्या सुरात विचारलं, दोनपैकी कोणता गळ आधी पाण्यात गेला? तो चिठ्ठीवरचा.

कुणी पाहिलं नव्हतं. धुकं होतं, लेले तेव्हा आपलं रीळ सोडवत होते. दाजींनी 'माझा' म्हटलं असतं तर कुणी काही बोललं नसतं, मीसुद्धा नाही. मी त्यांच्या ओल्या धोतराकडे बघत होते. ते म्हणाले, "हिचा. मी पीठ मळत होतो."

कटला यादीतून गेला. नंजुंडय्यांनी मान हलवली, खांद्यावर हात ठेवला. मग विचारलं की हिच्या गळाला काय लागलं? मी बादली पुढे केली. तळाशी जिलेबी गोल फिरत होती. पुन्हा हसू. पण म्हाताऱ्याने गंभीरपणे ती उचलली, तराजूत ठेवली आणि फळ्यावरची शेवटची ओळ मोठ्याने वाचली, जी मला सकाळी कळली नव्हती. सर्वांत लहान माशाला प्रवेश फी परत. लेल्यांनी मला मराठीत सांगितलं की ही मास्तरांची स्वतःची कल्पना, शाळेत ते शेवटच्या नंबरालाही पेन्सिल द्यायचे. आणि हे बक्षीस कुणीही घेत नाही. लाज वाटते म्हणून लहान मासे सगळे पाण्यात सोडतात. इतक्या वर्षांत दाजींनीही किती सोडले असतील.

माझ्यापेक्षा लहान मासा कुणाच्या बादलीत नव्हता. माझीच पन्नासची नोट माझ्या हातात परत आली. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि मला लाज वाटली नाही.

पुन्हा राजाजीनगर

परतताना दाजींनी स्कूटर जरा जोरातच हाकली. जयनगर मागे पडल्यावर त्यांनी स्कूटर थांबवली, एक कॉफी वन बाय टू मागवली आणि अर्धा पेला संपल्यावर एकदम हसू लागले. म्हणाले, "गाळ बेडा!" आणि पुन्हा हसले. मग माझंही अवघडलेपण गेलं.

अक्का दारातच उभी होती. तिने आधी कटल्याकडे पाहिलं. मग दाजींकडे. एवढा मासा आणि तोंड असं का, म्हणून मला विचारलं. मी सगळं सांगितलं, माझ्या 'बेडा'सकट. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खालून दुकानाशेजारच्या बाईंनी वर पाहिलं, तेव्हा अक्काने कटला शेपटीला धरून त्यांना दिसेल असा उंच केला. "यजमानांनी आणला," म्हणाली, आणि मग तेच कन्नडमध्ये, जरा जास्त वेळ लावून.

तिने तो आईच्या पद्धतीने केला. आपलं कांदा-लसूण तिखट मी नेलंच होतं, तिने त्यात नारळ वाटून घातला, तेवढं बंगळूर त्यात आलं. दाजींनी नाचणीचा मुद्दे, म्हणजे पिठाचा उकडलेला गोळा, रश्श्यात बुडवून खाल्ला, मी भात खाल्ला. बाद झालेला मासा चवीला कुठेच बाद नव्हता. माझी जिलेबी अक्काने वेगळी तळली आणि माझ्या ताटात वाढली. एका घासाची होती.

जेवणं झाल्यावर दाजींनी अट पुन्हा काढली. अक्का आपण होऊन विसरली असती, पण तो माणूस सरळ. म्हणाले, "दुसरा नंबर नाही आला. फी तेवढी आली."

"मी फीच मागितली होती," अक्का म्हणाली. तिने पन्नासची नोट देव्हाऱ्यात ठेवली. मग साखरेच्या डब्यामागून दहाच्या दोन नोटा काढल्या आणि दाजींच्या हातावर ठेवल्या.

"हे पुढच्या वर्षीच्या गाळाचे. आत्ताच घेऊन ठेवा. आणि नोंदणीला मी येते, ही पदवीधर काठावर बसू दे."

दाजी म्हणाले, "सरी." आणि उठून कोपऱ्यातल्या काठ्या भिंतीला जरा आणखी टेकवून ठेवल्या, अक्काला लागणार नाहीत अशा.